चावू नये, कुटू नये

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाबांनी तिच्या बोटाचा चावा घेतला. चुकून नव्हे. चुकून दात लागणं वेगळं, ते तिला आठ महिन्यांत पुरतं ओळखू यायला लागलं होतं. रक्तदाबाची गोळी जिभेवर अगदी मागे ठेवावी लागे, नाहीतर ते ती थुंकून टाकत. म्हणून तिने रोजच्याप्रमाणे तर्जनी आत घातली, आणि त्यांनी तिच्या डोळ्यांत सरळ बघत, सावकाश, ठरवून जबडा मिटला. झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण दात मात्र बत्तीसच्या बत्तीस शाबूत राहिले होते. नको ते बरोबर राहतं, असं तिचा भाऊ दूरच्या शहरातून फोनवर हसत म्हणाला होता. तिने बोट ओढलं, ते निघेना. दात हाडाला टेकल्याचं तिला कळलं, आणि मग तिने डाव्या हाताने त्यांचं नाक दाबलं. घट्ट. तेही चुकून नव्हे. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला, आणि तरी दोघांपैकी कोणी सोडेना; सात-आठ सेकंद बापलेक एकमेकांत असे अडकून राहिले. शेवटी श्वासापुढे त्यांचं काही चाललं नाही. तोंड उघडलं. ओठांवर रक्त होतं, ते तिचं होतं. उशीवर पडलेली गोळी तिने उचलली, पुन्हा आत ढकलली, पाणी ओतलं आणि हनुवटीखाली तळवा लावून, गळा हलेपर्यंत जबडा वर दाबून धरला. "झालं," ती म्हणाली आणि बोट धुवायला गेली.

नळाखाली पाणी बराच वेळ गुलाबी वाहत राहिलं. दुखत होतं, पण दुखण्याचं तिला काही वाटलं नाही. उशाशी पाण्याचा जाड काचेचा जग असे, आणि नाक दाबलेलं असताना तिच्या मनात तो जग दोनदा उचलला गेला होता, दोनदा त्यांच्या डाव्या भुवईवर आपटला गेला होता. इतकं नीट, इतकं जागच्या जागी, की आपण खरोखर तसं केलं नाही ना, याची खात्री करायला ती ओल्या हाताने पुन्हा खोलीत डोकावली. जग होता तिथेच होता. बाबा छताकडे बघत पडले होते आणि तोंडातल्या तोंडात काही चघळल्यासारखं करत होते. या माणसाने मरावं, असं तिला वाटलं. असं तिला लहानपणापासून अनेकदा वाटलं होतं, पण आज पहिल्यांदा त्याच्या मागोमाग घाई आली.

साडेआठला मावशी आल्या. मावशी म्हणजे दिवसभर बाबांचं बघणाऱ्या बाई. रुंद हाडाच्या, बोलायला मोकळ्या. इस्पितळाच्या वॉर्डात पंचवीस वर्षं लोकांची कूस पालटण्यात गेलेली. त्यांनी बोट बघितलं, आत जाऊन बाबांकडे बघितलं, कपाटातून पट्टी काढून बोट बांधून दिलं, आणि आजोबांना बोलता येत नाही म्हणून ते असं करतात, तुम्ही मनावर घेऊ नका, असं समजावलं. संध्याकाळची गोळी गेल्या पंधरा दिवसांपासून मावशी देत होत्या. त्यांच्या बोटाला कधी ओरखडासुद्धा नव्हता. तुमच्याकडून बरे मुकाट्याने घेतात, असं ती म्हणाली, तेव्हा मावशी नुसत्या हसल्या. प्रेमाने दिलं की घेतात, म्हणाल्या. हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, टोमणा नव्हता. पण ती जिना उतरली तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आठ महिने गू-मूत कोणी काढलं, रात्री चादरी कोणी बदलल्या, आणि प्रेम कोणाचं? कोपऱ्यावर एक माणूस दुकानाचं लोखंडी शटर वर लोटत होता. ते अडकलं, तशी त्याने त्याला लाथ घातली, मग आणखी एक. ती तिथे उगाचच थांबली आणि शटर वर जाईपर्यंत बघत राहिली.

तिचं काम गोळ्यांची चव घेण्याचं होतं. म्हणजे चव घ्यायची यंत्राने, आणि त्याने ती नीट घेतली की नाही ते बघायचं तिने. औषधांच्या कारखान्यामागच्या प्रयोगशाळेत त्या यंत्राला सगळे जीभच म्हणत. सकाळी आल्या आल्या एकमेकांना विचारत, जीभ धुतली का, जीभ आज ठीक आहे ना. नव्या माणसाला हसू येई, जुन्यांना येत नसे. एका गोल डोक्याला खाली टांगलेले सात बारीक सेन्सर, प्रत्येकाच्या टोकाला पातळसा पडदा. काचेच्या पात्रात अंगाइतकं कोमट पाणी, त्यात लाळेत असतात ते क्षार. त्यात गोळी सोडायची. गोळीतून औषध सुटायला लागलं की कडवटपणा सेन्सरना लागतो आणि संगणकाच्या पडद्यावरची रेघ चढते; ती किती वेगाने चढली यावरून औषध किती वेगाने सुटलं ते कळतं. माणसाची जीभ तीन कडू औषधांनंतर बधिर होते, खोटं बोलायला लागते. ही होत नाही. दर चाचणीनंतर मात्र ती खूप धुवावी लागते, नाहीतर आधीच्या गोळीचा कडूपणा सेन्सरला चिकटून राहतो आणि पुढच्या निरपराध गोळीच्या नावावर चढतो. तिचे साहेब मिश्कील होते. कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच हे आपल्याला मान्य आहे, ते म्हणत, पण आपलं पोट त्या घोळण्यावरच चालतं. आज त्यांनी तिचं बोट पाहून भुवया उंचावल्या आणि कुत्रं का, असं विचारलं. हो, ती म्हणाली. पाळलेलं? पाळलेलं, ती म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं.

जीभ या गोष्टीशी तिचा संबंध जुना होता. बाबा लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर काम करत. करवतीने एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, पण उरलेल्या तिघांनी घरच्या कामात कधी कसूर केली नाही. आईच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे, ते त्या तिघांचं काम. शेजारी विचारत तेव्हा आई घसरलेली असे. न्हाणीघरात, जिन्यात, ओल्या फरशीवर, आई इतकी घसरे की एखाद्याला वाटावं, या बाईला चालताच येत नाही. नऊ वर्षांची असताना ती शेजारच्या काकूंना म्हणाली, आई घसरली नाही. एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. त्या संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि तिला जवळ बोलावलं. जीभ हासडून हातात देईन, असं कितीतरी बाप म्हणतात, म्हणून सोडून देतात. बाबा शब्दाचे पक्के. त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं आणि अंगठ्यात व बोटात जीभ धरली. ती निसटली, म्हणून खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि त्यात धरून ओढली. टॉवेलाला लाकडाच्या भुशाचा वास होता. भुसा जिभेला चिकटला, घशात गेला, तिला ओकारी आली, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्याच्या कडेला तिला आई दिसली, चुलीपुढे, पाठमोरी, भांड्यात चमचा फिरवणारी. आईला त्या बाजूने ऐकू येत नाही, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं. पण आईचा चांगला कान त्यांच्याच बाजूला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं पुढे शाळेत वाक्प्रचारांत आलं, तेव्हा सगळ्या वर्गात अर्थ न विचारता तिलाच कळला. आई तीन वर्षांपूर्वी साध्या तापाने गेली. शेवटपर्यंत ती घसरतच होती, आणि आईवर आपला बाबांवरच्यापेक्षा जास्त राग आहे हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आजच्या गोळ्या बारा तास चालणाऱ्या होत्या. अशा गोळीत औषध असं दाबून बसवलेलं असतं की ती अख्खी गिळली तर ते पोटात थोडं थोडं सुटतं, सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत पुरते. बाबांची गोळीही याच जातीची, फक्त दुसऱ्या कारखान्याची. डब्यावर छापायचं होतं की गोळी चावू नये, कुटू नये; आणि चावली, कुटली तर काय होतं त्याचा पुरावा म्हणून साहेबांना आज कुटलेल्या गोळ्यांच्या रेघा हव्या होत्या. आधी तिने अख्खी सोडली. रेघ जमिनीला धरून चालली, एखाद्या सज्जन माणसासारखी. मग दुसरी गोळी तिने खलात टाकली आणि बत्ता घेतला. वास्तविक चार फेऱ्या पुरे होत्या. ती कुटत राहिली. गुलाबी कवच फुटलं, आतलं पांढरं बाहेर आलं, पांढऱ्याचा चुरा झाला, चुऱ्याचं पीठ झालं, आणि तरी तिचा हात चालूच; बांधलेल्या बोटातून ठणका खांद्यापर्यंत जात होता आणि प्रत्येक ठणक्याला ती आणखी जोराने खाली येत होती. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, बाई, गोळी कुटताय की कोणाला? ती हसली. पीठ पात्रात पडलं आणि रेघ सरळ उभी राहिली. बारा तासांचं सगळं औषध दहा मिनिटांत पाण्यात. ती त्या उभ्या रेघेकडे बघत राहिली. इतक्या औषधाने धडधाकट माणसालासुद्धा भोवळ येईल. झटका येऊन गेलेल्या म्हाताऱ्याचा दाब असा खाली येईल की पुन्हा वर येणार नाही. एकदा नाही, तर दोनदा, चारदा. आणि विचारणार कोण? वय झालं होतं, लोक म्हणतील. सुटले बिचारे. तूही सुटलीस, असंही म्हणतील, जरा आवाज उतरवून. तिने सेन्सर वर उचलले, धुतले, पुन्हा धुतले. संध्याकाळची गोळी मावशींची, सकाळची आपली, असं तिच्या मनात आलं, आणि उद्या सकाळ किती लांब आहे याचा तिने हिशोब केला. हात थरथरत नव्हते. ते थरथरायला हवे होते असं तिला वाटलं.

दुपारनंतर बोट सुजून निळं झालं, तेव्हा साहेबांनी तिला इंजेक्शन घेऊन घरी जायला लावलं. दवाखान्यातल्या बाईंनीही कुत्रं का म्हणून विचारलं. रोज ती साडेसातला पोचत असे. आज पावणेसहा झाले होते. दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं, आणि आतून तो आवाज आला. दिवसभर ऐकलेला आवाज माणसाच्या कानात राहतो, म्हणून आधी तिचा विश्वास बसला नाही. मग ती बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. मावशी तिच्याकडे पाठ करून, खिडकीपाशी टेबलावर वाटीत चमच्याच्या बुडाने काहीतरी रगडत होत्या. गुलाबी कवचाचे कण वाटीच्या कडेला चिकटले होते. त्यांनी त्यात मध घातला, ढवळलं, आणि बाबांना म्हणाल्या, आ करा बघू, शहाणे कोण? आणि बाबांनी आ केला. मावशींच्या प्रेमाचं गुपित हे एवढंच होतं. म्हणून ते मुकाट्याने घेत होते. म्हणून पंधरा दिवस संध्याकाळी ते कपड्यासारखे गळून पडत. म्हणून दहा दिवसांपूर्वी न्हाणीघरात कोसळले, आणि डॉक्टर म्हणाले, वय झालं. सगळं तिला एका क्षणात कळलं. जे आपण उद्या करायचं म्हणून दिवसभर मनात वागवलं, ते इथे रोज संध्याकाळी मायेने चाललं होतं. तिला काही करायला नको होतं. बत्ता उचलायला नको, हात थरथरायला नकोत. तोंड उघडायचं नाही, बस्स. एक शब्द बोलली तर ते जगतील. गप्प बसली तर मरतील, आणि तेही मध चाटत. चमचा वर गेला. तिच्या घशात शब्द आला होता, तो तिथे बसून राहिला. चमचा आत गेला, बाबांनी ओठ मिटले, गिळलं, आणि मावशींनी त्यांच्या हनुवटीवरचा मध बोटाने पुसला. ती मागे मागे सरकत बाहेर आली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

पावणेदोन तास ती रस्त्यांवरून हिंडली. एका चौकात दोन मोटरसायकलवाले भांडत होते. एकाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि दुसऱ्याच्या तोंडावर हाणलं, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला, आणि जमलेल्या लोकांत सगळ्यात पुढे ती उभी होती. तिला बरं वाटत होतं. आणखी मार, असं ती मनात म्हणाली, आणि बाजूच्या माणसाने चमकून तिच्याकडे बघितलं तेव्हा तिला कळलं की ते मनात नव्हतं. घरी पोचली तेव्हा मावशी निघायच्या तयारीत होत्या. आजोबा आज जरा मलूल आहेत, म्हणाल्या. असतात, ती म्हणाली. बाबा खरंच मलूल होते. ओठ पांढरे, कपाळ ओलं आणि थंड. तिने त्यांची नाडी बघितली, कारण बघायची सवय होती. मग दिवा मालवून ती आपल्या खोलीत गेली आणि झोपलीसुद्धा. गाढ, एकदाही न उठता, आणि सकाळी जागी झाल्यावर तिला पहिल्यांदा त्याचीच लाज वाटली.

बाबा होते. डोळे अर्धे उघडे, श्वास चालू. तिने तोंड धुवून दिलं तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही, दात मिटले नाहीत. बोट घातलं असतं तर सहज गेलं असतं. गोळीची पट्टी हातात घेऊन ती दारात मावशींची वाट बघत बसली. साडेआठला मावशी आल्या, आणि तिने पट्टी त्यांच्यापुढे केली. बोट दुखतंय, आज सकाळचीही तुम्हीच द्या, असं म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. मावशी बरं म्हणून आत गेल्या. तिने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या. एवढंच बाकी होतं, की दार उघडायचं, जिना उतरायचा, कामावर जायचं, आणि दुपारी फोन आला की रडायचं. आतून वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला. भांड्यात चमचा फिरतोय, कोणीतरी पाठमोरं आहे, आणि दारात कोणीतरी मुकाट्याने उभं आहे. तिच्या डोक्यात काहीतरी पांढरं झालं. ती कधी आत गेली हे तिला कळलं नाही. तिने वाटी भिरकावली, ती भिंतीवर फुटली, आणि मावशी वळल्या तशी तिने त्यांच्या थोबाडीत दिली. सगळ्या ताकदीनिशी, खांद्यातून, बांधलेल्या बोटासकट. कसं मारायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि ते तिला उत्तम येत होतं. मावशींचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आदळलं. अक्कल आहे का तुम्हाला, ती ओरडत होती, कुटून देतात का ही गोळी, माराल त्यांना, खून कराल. आणि हात दुसऱ्यांदा वर गेलेला होता.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी गालावर हात ठेवला, जिभेने आतून दात चाचपले, ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त मनगटाला पुसलं.

"मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "अख्खी घशात अडकते, म्हणून बारीक करून देत होते. कोणी सांगितलं नाही."

"आता सांगितलं ना."

"आता सांगितलंत." मावशी तिच्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, एखाद्या रोग्याकडे बघावं तशा. "काल तुम्ही दारात उभ्या होतात, ताई. खिडकीच्या काचेत दिसलात मला. चमचा तोंडात जाईपर्यंत उभ्या होतात. मला वाटलं, दमून आलात, बोलायचं नसेल. काल का नाही सांगितलंत?"

खोलीत मधाचा वास होता. भिंतीवरून तो हळूहळू खाली येत होता, त्यात गुलाबी कण. बाबांची वाचा गेली होती, समज गेली नव्हती, हे डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. तिने पलंगाकडे बघायचं टाळलं.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली. "आजही नको. निघा तुम्ही."

मावशींनी मान हलवली, जणू हेच होणार हे त्यांना ठाऊक होतं. पिशवी घ्यायला त्या पलंगापलीकडे वाकल्या, आणि तेव्हा बाबांचा डावा हात चादरीतून बाहेर आला. त्याने मावशींचं मनगट धरलं. मावशी म्हणाल्या, आजोबा, सोडा बघू, जाऊ द्या मला. त्यांनी एक एक बोट हळूच उचलून बघितलं. उचललेलं बोट परत मिटत होतं. बाबांच्या घशातून आवाज निघत होता, शब्द नसलेला, आणि डोळे मावशींकडे नव्हते, तिच्याकडे होते. त्यांना भीती वाटत होती. उभ्या जन्मात तिने त्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती, म्हणून ती काय आहे हे ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला, आणि ओळखल्यावर पोटातून काहीतरी गोड वर आलं. ते आवडल्याची तिला किळस आली, तरी ते आवडलं होतं. मी गोळी देते, अख्खी, नीट, असं सांगायला ती एक पाऊल पुढे आली. बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि मावशींचा हात ओढून आपल्या तोंडावर आडवा धरला.